केर

"केर नाही काढायचा? अहो काका, दाराशी सगळं मेतकूट सांडलंय!" कामाला आलेली शेवंता केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"राहू दे. मुलगी अजून विमानात आहे," अच्युतराव म्हणाले. "टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर आहे. तू उद्या ये."

प्रवासाला गेलेलं माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा त्यांच्या बायकोचा नियम. "अगं, मी पुण्याला चाललोय, चंद्रावर नाही!" म्हणून त्यांनी जन्मभर तिची थट्टा केली होती. आता ती नव्हती, आणि ते सकाळपासून लेकीचं विमान मोबाइलवर बघत घरभर येरझाऱ्या घालत होते. नकाशावरचं ते चिमुकलं विमान काही केल्या पुढे सरकेना. सात तास उरले होते. त्यांनी चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, पुन्हा मोबाइल पाहिला. सहा तास पन्नास मिनिटं.

संध्याकाळी एकदाचा फोन वाजला.

"बाबा, पोचले." लेक जराशी घुटमळली. "हसू नका हं. आई असती तर म्हणाली असती, आता केर काढा."

"तो सकाळीच काढला. मी कुठे मानतो असलं काही?"

फोन ठेवून त्यांनी केरसुणी उचलली. काल निघताना फुटलेल्या पुडीतल्या पिवळ्या मेतकुटात लेकीच्या बुटाचा ठसा उमटला होता, दाराबाहेर तोंड करून.

त्यांनी सगळं घर झाडलं, तेवढी वीतभर जागा सोडून.