घरचा हरभरा

त्याने बोटांनी माती उकरून दाणा वर काढला. पेरला तसाच होता. फुगून मऊ पडलेला, पण मोड नाही. पुढच्या ओळीत तेच, बांधाजवळही तेच. शेजारच्याचा हरभरा केव्हाच वर आला होता आणि याचं रान झाडून काढल्यासारखं स्वच्छ. आधी त्याने पाखरांवर खापर फोडलं, मग मुंग्यांवर, मग खोल पेरलं म्हणून स्वतःवर. शेवटी नखाने एक दाणा सोलला. आतला अंकुर मेलेला होता.

घरी आला तर बायको अंगणातच उभी. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि इतके दिवस ती मूग गिळून बसली होती. बियाणं भरून ठेवायच्या वेळी आभाळ आलं होतं, ऊन मिळत नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी एका दुपारी सगळं बी मोठ्या कढईत घालून मंद आचेवर परतलं. बायकोला वाटलं, पोरांना खायला भाजताहेत. मग राख चोळून ते कोठीत गेलं आणि राखेखाली काय झालंय ते कुणाला दिसणार?

"मी नंतर विचारलंसुद्धा," बायको खालच्या आवाजात म्हणाली. "तर म्हणाल्या, उन्हात वाळवलंय."

तो पायरीवर बसला. पणजोबांनी एकेक झाड निवडून हे बी धरलं होतं. दाणा बारका, तांबूस, शेंड्याला बाक असलेला. बाजारात त्याला कुणी विचारणार नाही, पण थोड्या ओलीवर येणारा. घराचं छप्पर बदललं, बैल गेले, ट्रॅक्टर आला, बी मात्र तेच राहिलं. ते राखलं घरच्या बायकांनी. त्यातही आई भलतीच कडक, बियाण्याच्या कोठीला सुनेलाही हात लावू देत नसे. पेरून थोडं मागे ठेवायची रीत तिने यंदाही पाळली होती. पण मागे ठेवलेलंही त्याच कढईतलं.

आईला अलीकडे जेवल्याचं आठवत नसे. नातवंडांच्या नावांची ती खुशाल अदलाबदल करी आणि पोरं हसून हसून लोळत. पण संध्याकाळी तो रानातून आला की न चुकता विचारी, "उगवलं का रे?" आणि तो म्हणे, "उगवलंय, आई." बाजारचं बी आणून पेरता आलं असतं. पण सुगीला ती दाणे तळहातावर घेऊन बसणार आणि आपले नव्हेत हे तिला बोटांनीच कळणार. मग आपलं बी कुठे गेलं म्हणून विचारणार. उत्तर त्याच्याकडे होतं आणि तेच तिला द्यायचं नव्हतं.

हे बी आणखी एकाच घरी असू शकत होतं. काकाच्या. वाटणी झाली तेव्हा निम्मं बी तिकडे गेलं होतं. पुढे विहिरीच्या पाण्यावरून जुंपली आणि यानेच, मिसरूड फुटलेलं होतं तेवढ्यावर, भर गावात काकाची कॉलर धरली. तेव्हापासून येणंजाणं बंद. वडील गेले, तरी याने ते वैर इमानाने सांभाळलं. आई मधूनमधून म्हणे, एकदा जाऊन ये तिकडे. की हा भरल्या ताटावरून उठे.

जमिनीतली ओल रोज खाली चालली होती. दुसऱ्या दिवशी तो काकाच्या दारात गेला.

काका ओट्यावर कुदळीला दांडा बसवत होता. फारच थकला होता. वाटेत घोकलेलं एकही वाक्य याला आठवेना. काकाने मान वर करून त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कॉलर धरायला आलास, की बसायला?"

तो बसला. मग मात्र सगळंच बोलून गेला. कढई, राख, आईचा रोजचा प्रश्न आणि आपलं रोजचं खोटं.

"माझ्याकडचं बी कधीच संपलं," काका म्हणाला. "गुडघे गेल्यापासून हरभरा पेरलाच नाही मी."

एवढं नाक घासून पदरात काही नाही. तो उठला. काकाने हातानेच थांब म्हटलं, भिंत धरत आत गेला आणि फडकं बांधलेला एक डबा घेऊन आला. फडकं सोडलं, वरची राख बोटाने बाजूला सारली. बारका, तांबूस, शेंड्याला बाक असलेला दाणा. सगळ्या रानाला पुरणार नव्हतं. एका तुकड्याला पुरलं असतं आणि एवढ्यावर पुढच्या साली बी पुन्हा उभं राहतं.

"मग हे कुणाचं?"

"तुमचंच. वहिनी गेल्या सुगीत स्वतः घेऊन आली होती. म्हणाली, भावोजी, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही आता. एखाद्या दिवशी बियाणंच चुलीवर चढवेन."

तो पुन्हा ओट्यावर बसला. काकाने डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"मी म्हटलं तिला, माझ्याकडे कशाला, तुझ्या माहेरी ठेव. पोराला जायला सोपं. तर म्हणाली, तिथे तो जाईलच हो, तुमच्या दारात कशाने येईल?"