भिकुबाईची साखर

भडगावच्या भिकुबाईला डॉक्टरांनी दोनदा मधुमेह सांगितला, आणि दोन्ही वेळा तिने रिपोर्टचा कागद चुलीत घातला. "माले काही व्हयेल नही. बठ्ठ्या, सगळ्याच मशिनी खोटं बोलतस."

१९९८ साली तिची मुलगी पुष्पलता जळगावात पीएच.डी. पूर्ण करत होती. केसाहून हजारो पट बारीक असे सोन्याचे कण बसवलेली तिची पट्टी रक्ताच्या एका थेंबावरून साखर सांगायची. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणाले, "कागदावरचे आकडे पुरे. आत्ता माझ्यासमोर करून दाखवा."

रक्त कुणाचं घ्यावं, याचा पुष्पलता विचार करत होती, तोच लेकीची परीक्षा पाहायला आलेली भिकुबाई मागच्या बाकावरून उठली आणि तिने हात पुढे केला. "मन्हं ल्या, साहेब."

पट्टीला जोडलेल्या छोट्या मशीनने दोनशे चौसष्ट दाखवले. दवाखान्यात पाठवलेल्या तिच्याच रक्ताचा आकडा तासाभराने आला. दोनशे अडुसष्ट!

परीक्षक उठून उभे राहिले. "अभिनंदन, डॉक्टर!"

पुष्पलताला मात्र हसावं की रडावं कळेना. "माय, एवढी साखर..."

भिकुबाईने पदर सावरला आणि मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं.

"मन्ही पोरनी मशीन सांगस ना? मंग ते खरंच शे. माले साखर शेच शे!"