तिसरी खुर्ची

नाट्यगृहांना सल्ला देणाऱ्या आमच्या ठाण्यातल्या फर्मचे दोन नवे भागीदार त्या संध्याकाळी जाहीर होणार होते. बावीस वर्षं अहवाल मी लिहिले, समारंभाच्या खुर्च्याही मीच मांडल्या. “तीन मांडा,” फर्मचे मालक गुप्तेसाहेब म्हणाले. एक त्यांची, एक शीलाची. तिचं नाव ठरलेलंच होतं. तिसरी त्यांच्या भाच्याचीच असणार, म्हणून डुगडुगणारी खुर्ची मी मुद्दाम तिथे ठेवली आणि शेवटच्या रांगेत बसलो. साहेबांनी माइकवर माझं नाव घेतलं. “काका, लाजताय काय, चढा वर!” भाचाच ओरडला. मी बसलो आणि खुर्ची कलली. “अहो, सांभाळा! पायाखाली घालायला कागद आहे का?” शीला कुजबुजली. खिशात एकच कागद होता, सकाळी टाइप केलेला राजीनामा. तिला दिसू नये म्हणून त्याची आणखी एक घडी घातली आणि तो खुर्चीखाली सरकवला.