पहिला मासा आत्याचा

"नाक कशाला दाबताय मॅडम? वास येतोय का?" जखारने विचारलं.

इंग्रिडने रुमाल खाली घेतला. वास खरंच नव्हता. "सवय हो," ती ओशाळून म्हणाली.

उझका गावच्या सांडपाणी केंद्रावर सरकारी माणूस यायची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं ओढ्यात पाणी सोडायचा परवाना द्यायचं ते केंद्र सरकार, सिएटलच्या कचेरीतून. आता सिएटल कुठे आणि अलास्काच्या टोकाचं उझका कुठे! जुन्या परवान्याची मुदत कधीच संपली होती, आणि नव्याच्या अर्जाला कुणी भीक घातली नव्हती. त्या वर्षी राज्याने हे काम आपल्या हातात घेतलं आणि पहिल्याच हंगामात इंग्रिड येऊन हजर झाली. गावाच्या सांडपाण्याचा नळ ओढ्यात ठेवायचा की नाही, हे ती ठरवणार होती.

केंद्र चालवणाऱ्या जखारचा सगळा जीव त्या नळात अडकलेला. ओढ्यात साल्मन मासे यायचे बंद झाले, त्याचं खापर गावाने त्याच्यावर फोडलं होतं. मासे आटले तेव्हा केंद्राचा पायासुद्धा खणलेला नव्हता, पण ऐकतो कोण? येता-जाता टोमणे. घरात तर त्याहून वाईट. त्याची आत्या मार्फा गावातली सर्वांत वडीलधारी. हंगामातला पहिला मासा तिच्या दारात जायचा, ही रीतच. तो आता दुसऱ्या खाडीतून बोटीने यायचा. आत्या तो शिजवून शेजारीपाजारी वाटून टाकायची, स्वतः घासही घ्यायची नाही.

"आपल्या ओढ्याचा असेल तर वाढ," म्हणायची, "नाहीतर राहू दे." म्हातारी ऐंशीच्या पुढे गेली होती. तिच्या हयातीत, आपल्याच हातून तिच्या ताटात ओढ्याचा मासा पडावा, एवढीच जखारची इच्छा होती.

"हे शेवटचं तळं," त्याने दाखवलं. "पाणी इथे निवळतं आणि मग नळाने ओढ्यात. शाळेची पोरं वर्गातल्या टाकीत माशांची अंडी उबवतात ना, ती पिल्लं दर वसंतात इथेच आणून सोडतात. ओढा तेव्हा गोठलेला असतो. पिल्लं इथे अशी टुणटुणीत होतात म्हणून सांगू! बर्फ वितळला की नळातूनच ओढ्यात उतरतात. पाणी घाण असतं तर जगली असती का?"

"पिल्लांच्या साक्षीवर परवाना नाही देता येत हो," इंग्रिड हसली.

तेवढ्यात खालून आरोळी आली. "जखार! अरे ए गटारवाल्या, धाव!"

हा एफिम, बोटवाला. टोमणे मारण्यात गावात पहिला नंबर त्याचा. आज मात्र त्याचा आवाज चिरकला होता. दोघं धावत उतरली आणि ओढ्याच्या काठावर जागच्या जागी थांबली.

साल्मन! लालभडक पाठींचे, हातभर लांब, उथळ पाण्यात अंग घासत, शेपट्या आपटत, नळाच्या तोंडाखाली नुसती दाटी करून राहिलेले. एफिमने टोपी काढली. जखार मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. इंग्रिडला तो दिवस पुढे कधी विसरता आला नाही.

"वरच्या अंगाला नाही दिसत एकही," थोड्या वेळाने जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"दमलेत बिचारे. चढतील उद्या," एफिम म्हणाला.

पहिला मासा जखारने स्वतः आत्याकडे नेला. मार्फाने तो दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, मग चुलीवर चढवला आणि किती वर्षांनी पहिला घास घेतला.

"विसरत नाही बघ हा," ती इंग्रिडला म्हणाली. "ज्या पाण्यात लहानाचा मोठा झाला त्याचा वास जन्मभर नाकात. कुठल्या कुठे जाऊन येईल समुद्रात, पण त्या वासामागे घरी येणार म्हणजे येणार. ओढ्याने बोलावलं बाई त्यांना!"

आणि मग गावाने एकच धोशा लावला. मासे परत आले, आता तो नळ काढा! इंग्रिडचाही इलाज नव्हता. साल्मन जिथे अंडी घालतो तिथे सांडपाणी सोडायचं नाही, राज्याचा नियम स्पष्ट होता.

"तुमचं पाणी चांगलं आहे हो," ती चुटपुटत म्हणाली. "तरीपण..."

"काढा," जखार म्हणाला. "मासे आले ना? मग नळ जाईना का खड्ड्यात!"

नळ डोंगरापलीकडे गेला. तिकडे ना झरा ना ओढा, नुसता कातळ आणि खाली समुद्र. बर्फ पडायच्या आत काम झालं.

पुढच्या हंगामात सारं गाव ओढ्यावर लोटलं. आत्याची खुर्ची काठावर मांडली, मांडीवर घोंगडं घातलं. इंग्रिडही मुद्दाम आली होती. पाणी असं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा.

मासा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. आत्या सकाळी यायची, अंधार पडला की उठायची, आणि ताट तसंच पालथं. एफिम पुन्हा जखारकडे तिरक्या नजरेने बघू लागला. "काय केलंस रे आता?"

"मी काय करणार? नळ तर काढला ना!" जखार चिडून म्हणाला आणि नव्या नळाची जाळी साफ करायला डोंगर चढून गेला.

माथ्यावरूनच त्याला धपधप आवाज ऐकू आला. तो कातळाच्या कडेपर्यंत गेला आणि त्याने खाली वाकून पाहिलं. नळातून पडणाऱ्या धारेखाली समुद्र लालभडक झाला होता, आणि साल्मन एकामागून एक कातळावर अंग आपटत होते, घसरून पडत होते, आणि पुन्हा त्या नळाच्या तोंडाकडेच उड्या घेत होते.