काय दावलं ते सांग

"त्यात गोरी बाई हाय का? उंच, कापल्या केसांची?"

छबुबाईंनी दाराच्या चौकटीला हात लावून विचारलं. तेजश्रीची एसटी यायची वेळ झाली होती आणि माय वाट अडवून उभी होती.

"असंल न्हाई तर नसंल. तुला कावून पायजे ते?"

"इचारलं तेवढं सांग."

तेजश्री वैतागली. बीडच्या कॉलेजात एका परदेशी विद्यापीठाच्या भागीदारीनं नवा अभ्यासक्रम सुरू होत होता, दृश्य मानवशास्त्राचा. माणसं कशी जगतात ते कॅमेऱ्यानं टिपायचं आणि टिपलेलं बसून समजून घ्यायचं. पहिल्याच तुकडीत तेलगावच्या या पोरीचा नंबर लागला. बाप नाथा ट्रॅक्टर चालवायचा, त्यानं तर रस्त्यात ज्याला त्याला थांबवून सांगितलं. तोंड वाकडं होतं ते फक्त मायचं.

आणि तिचे प्रश्न तरी कसले! नोकरी लागेल का, राहायची सोय काय, याची चौकशी एका शब्दानं नाही. ते लोक कुठल्या देशाचे? आधी कधी इकडं येऊन गेलेत का? जुन्या फिल्मा दाखवतात का? फौजदारानं खोदून खोदून विचारावं तसं. तेजश्रीच्या मनात पाल चुकचुकली. मायनं गुपचूप कुठंतरी सोयरीक बघितली असणार आणि कॉलेज मोडायला निमित्त शोधत असणार, दुसरं काय! एकुलत्या एका लेकीला उजवून मोकळं व्हायचं असेल.

"कॅमेऱ्यावाल्याचा भरवसा न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "लई गोड बोलतेत. चा पितेत. पोटातलं काढून घेतेत अन् जातेत."

"तुला एवढं कसं ठाव गं?"

 माय चौकटीवरचा हात काढत म्हणाली, "आजच्या दिस जा. काय काय दावलं ते सांजच्याला मला सांग. मग पुढचं ठरवू."

तेजश्री तरातरा निघाली. एवढी शिकली, आणि आता एका दिवसाच्या परवानगीवर कॉलेज! तिला मायचा मनापासून राग आला.

वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. उज्ज्वला मॅडम खुशीत होत्या. हा अभ्यासक्रम बीडला यावा म्हणून त्यांनीच सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. परदेशातून शिकवण्यासाठी फिल्मा आल्या होत्या. "त्यातली एक चक्क आपल्याकडची निघाली," त्या म्हणाल्या. "ऊसतोडीच्या बायकांवर आहे. मीही तुमच्याबरोबरच बघतेय."

पडद्यावर पत्र्याचं दार आलं. दार ओळखीचं वाटतंय म्हणेपर्यंत त्या दारात एक बाई येऊन बसली. बोलण्याआधी तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि तेजश्री बाकावर पुढं सरकली. माय. आतापेक्षा कितीतरी तरुण, पण मायच. बाकीची मुलं आष्टी, पाटोदा, गेवराईकडची. त्यांच्या लेखी ती कुणीतरी एक बाई होती.

"तपासलं तर पोरगी," पडद्यावरच्या छबुबाई सांगत होत्या. "सासू म्हणली, पाडून ये. मी बी व्हय म्हणले. कुणी वढून न्हाई नेलं, आपल्या पायानं गेलते. डागदर हात धुवाया गेला अन् मला कसं तरीच झालं. मागल्या दारानं पळाले. चपला तिथंच राहिल्या."

कॅमेऱ्यामागून एका बाईनं मोडक्या मराठीत विचारलं, "मुलगी आता कुठे आहे?"

"ती काय, शेळीमागं!"

कॅमेरा वळला. फ्रॉकातली एक पोर शेळीचा कान धरून ओढत होती. तेजश्रीनं स्वतःला ओळखलं.

छबुबाई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. "ह्ये तुमच्या मुलखात खुशाल दावा. हितं न्हाई. मी गेलते, ह्ये माझ्या लेकीला कळू देऊ नका."

इतका वेळ खाली इंग्रजी भाषांतर येत होतं. या बोलण्याच्या वेळी मात्र खालची जागा कोरी राहिली. परदेशातल्या वर्गांनी इतकी वर्षं नुसती एक रडणारी बाई पाहिली असणार.

तेजश्री उभी राहिली. "बंद करा, मॅडम. ही हितं दाखवायची नव्हती."

"तू ओळखतेस त्यांना?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण त्या काय म्हणाल्या ते ऐकलं न्हाई का तुमी?"

उज्ज्वला मॅडमनी फिल्म थांबवली. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "ऐकलं," त्या म्हणाल्या. "चूक झाली. ही फिल्म इथं पुन्हा लागणार नाही, आणि त्या परदेशी विद्यापीठालाही आजच कळवते." त्यांनी स्वतः उठून खिडक्यांचे पडदे बाजूला सारले.

परतीच्या एसटीत तेजश्री खिडकीकडं तोंड करून रडत राहिली. सकाळचा राग कधीच गेला होता. घरी पोचल्या पोचल्या मायच्या गळ्यात पडावं, तू पळालीस म्हणून मी आहे, असं सांगावं, असं तिला सारखं वाटत होतं. पण सांगितलं असतं तर मायनं इतकी वर्षं जपलेलं सगळं उघडं पडलं असतं, आणि पुन्हा लेकीच्या डोळ्याला डोळा द्यायला तिला जड गेलं असतं.

छबुबाई फाट्यावरच उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. लेक उतरते न उतरते तोच त्यांनी तिचं तोंड निरखलं. डोळे सुजलेले त्यांना दिसलेच असणार.

"काय दावलं?"

"लाइट गेलती, माय," तेजश्री म्हणाली. "काईच दिसलं न्हाई."