न पोचलेला निरोप

रुचिकाच्या पापण्या उघडेनात, तेव्हा आधी आक्काला हसूच आलं.

हळदीला पोर अडीच वाजेपर्यंत नाचली होती. पडघ्याच्या त्या घरात पाव्हण्यांनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती, म्हणून नवरीची गादी गोदामालगतच्या खोलीत जमिनीवर घातली होती. सगळे निजल्यावर रुचिकानं हळूच आक्काला हाक मारली, एकटीला भ्या वाटतं म्हणाली, आणि आत्या-भाची एकाच पांघरुणात झोपल्या. मध्येच कधीतरी आक्काच्या कोपराला डास चावला. तिनं कूस बदलली.

"उठ गो बाय. दहाला मण्यार येल चुडा भराला."

रुचिकानं मान मागं टाकून पापण्यांच्या फटीतून पाहिलं. "मण्यार," ती म्हणाली. शब्द तोंडातल्या तोंडात लोळत होता. "आक्का, मण्यार..."

"तेच सांगतंय ना. येल तो. तू तोंड धुव."

दौलत मण्यार तीस वर्षं या घरात बांगड्या भरत आला होता. रुचिकाच्या बारशाच्या काळ्या बांगड्याही त्याच्याच पेटीतल्या.

पण पोर उठली नाही. मान एका अंगाला कलंडली, ओठाच्या कडेनं लाळ आली. आक्काच्या पोटात गोळा उठला. तसा मुरडा उजाडल्यापासून होताच, कालच्या मटणात तिखट जरा जास्तच पडलं होतं.

रामनाथनं, तिच्या धाकट्या भावानं, लेकीला उचलून गाडीत घातलं. गाडी हायवेला लागली. तो पुढं बघतच म्हणाला, "आक्का, गोदामात भाताच्या किडीचं औषध होतं. ती बाटली तू बघितलीस का?"

रुचिकाची आई गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती. आक्कानंच तिला वाढवलं, आणि हे स्थळही आक्कानंच आणलं. "एक वर्ष थांबू या ना," रुचिका म्हणाली होती. "चांगलं स्थळ थांबत न्हाय गो," असं म्हणून आक्कानं तिचं तोंड बंद केलं होतं. आता मांडीवर ते तोंड अर्धवट उघडं पडलं होतं आणि श्वास कमी कमी होत चालला होता.

दवाखान्यात पोरीच्या घशात नळी घातली, मशीन लावलं. आक्का बाहेरच्या बाकावर बसून राहिली. चंद्रानं, सगळ्यात धाकट्या भावाच्या बायकोनं, चहा पुढं केला. तो घशाखाली उतरेना. ठसका लागून नाकातून बाहेर आला, आक्कानं पदरानं पुसला. भिंतीवरच्या गणपतीला हात जोडले तर गणपती दोन दिसले. रडून रडून डोळ्यांची वाट लागली, दुसरं काय?

केदार डॉक्टर बाहेर आले. "काय प्यायली ती?"

रामनाथनं मान खाली घातली. "किडीचं औषध असंल. घरची गोष्ट हाय, डॉक्टर. बाहेर जाऊ देऊ नका."

"तोंडाला फेस नाही. घाम नाही. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी व्हायला हवी होती, तीही नाहीत." डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "ते औषध पोटात गेलं की नसांचे निरोप थांबतच नाहीत, घंटा वाजतच राहते. हिचं उलटं आहे. मेंदू सांगतो, पापणी उचल. निरोप नसेच्या टोकापर्यंत येतो आणि पुढं स्नायूला पोचतच नाही."

"म्हंजे गेली का ती?" रामनाथचा आवाज फाटला.

"नाही. हलता येत नाही, एवढंच. ऐकू सगळं येत असणार. सकाळी काही बोलली का?"

आक्काचा आवाज हळदीची गाणी म्हणून बसला होता, नाकातून येत होता. "मण्यार म्हणाली. दोनदा. चुडा भरणारा येणार ना, त्याचंच."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "झोपली कुठं होती?"

"खाली. गादीवर."

"मावशी, ती बांगडीवाल्याचं सांगत नव्हती." ते वळले, नर्सला इंजेक्शनं काढायला सांगितली आणि दारातूनच विचारलं, "अंथरुणात आणखी कोणी होतं?"

"न्हाय," रामनाथ म्हणाला. "नवरीची खोली. एकटीच."

आक्कानं तोंड उघडलं. शब्द फुटला नाही, आणि डॉक्टर तोवर आत गेलेही होते. जाऊ दे, तिला वाटलं. पोरीचा एक क्षणही आपल्यापायी वाया जायला नको.

अर्ध्या तासात पुतण्या मनोजचा घरून फोन आला. गादीच्या घडीत मण्यार सापडली होती, काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. रामनाथ ते ऐकून मटकन खाली बसला. पोरीनं काही प्यायलं नव्हतं. आक्काच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिनं डोकं भिंतीला टेकवलं.

दुपारी तीनला नर्स धावत आली. रुचिकानं बोट हलवलं होतं. आत्याला हाक मार म्हटल्यावर ओठही हलवले होते. रामनाथ भर दवाखान्यात लहान पोरासारखा रडला.

"आक्का," चंद्रा खाली वाकून म्हणाली, "पोर वाचली. ऐकलंस?"

आक्का हलली नाही. पदर खांद्यावरून घसरला होता, हनुवटी छातीला टेकली होती. चंद्रा तिला हलवणार, तेवढ्यात रामनाथनं तिचा हात धरला.

"उठवू नको. तीन रात्री जागलीय बिचारी. झोपू दे तिला सुखानं."

चंद्रानं तिच्या अंगावर शाल घातली आणि दोघं पोरीला बघायला आत गेले.

आक्का जागी होती. पापणीला ती कधीची सांगत होती, उचल.