उरलेली ट्यूब

बहात्तरच्या दुष्काळाच्या फुडच्या सालातली गोष्ट. रंगूबाई एवढी गोरी, की अवसंला तिच्या दारात कंदील लावायला लागायचा न्हाई, आन् सून बनुबाई म्हंजे तव्याचं बूड. "तोंड उजळ कर, न्हाईतर माझ्या लेकाला, गुंडाला, दुसरी बायकू करून आणते," म्हणून सासूनं कराडच्या दुकानातनं नायट्यावरची ट्यूब आणली आन् रोज समोर बसवून सुनंला चोळायला लावली. दीड म्हैन्यात बनुबाई अशी गोरी झाली, की घरच्या म्हशीनं तिला वळखलंच न्हाई आन् पान्हा चोरला. मग तोंड असं सोललं, की पदराचा वाराबी झोंबायचा.

डाक्तर म्हणला, "ट्यूब बंद. सा म्हैनं ऊन न्हाई, चुलीची धग न्हाई." गुंडानं बायकूला सावलीला बसवली, तशी चूल आन् उसातली तण काढायची भांगलण दोन्ही रंगूबाईच्या गळ्यात पडली. पाडव्यापतुर सुनंचं तोंड बरं झालं, पयल्यासारखं सावळं आन् मऊ. सासू मातुर उन्हानं पार करपून गेली.

तेवढ्यात माहेरी भाचीचं लगीन निघालं. रंगूबाई हळूच सुनंजवळ आली. "बने, ती ट्यूब उरलीया का गं? मी आपली म्हैनाभरच लावीन."

बनुबाईनं कणगीत हात घालून ट्यूब काढली.


"तुमच्यासाठीच जपलीया, आत्याबाई. मी दिसातनं एकदाच लावत व्हते, तुमी तीनदा लावा."